टेबलावरच्या फुलांची उंची

घोडेगावात भीमाशंकरच्या रस्त्याला आमचं फुलांचं दुकान आहे. बोटांची पेरं सुजल्यापासून मला सुई धरवत नाही, म्हणून आता सून बघते. मी आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसते. कुणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तरी सांगते.

दिवाळी अंकासाठी कामाविषयी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी म्हणाले, हारवालीच्या कामात लिहिण्यासारखं काय असतं? पहाटे ओवायचं आणि संध्याकाळी त्याचं निर्माल्य झालेलं बघायचं. बाकीच्या कारागिरांनी केलेली वस्तू कुठंतरी राहते. सुताराचं दार राहतं, गवंड्याची भिंत राहते. आमचं काम दुसऱ्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण एक काम असं आहे की ते टाकून दिलं गेलं तरी मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, आणि त्याबद्दलच लिहावं असं ठरवलं.

माझं माहेर मेंढरांमागचं. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन घाट उतरायचे, आम्ही पोरं मागं. आता भाऊ शेती करतात, मेंढरं नावापुरती राहिलीत. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मी शाळेपेक्षा माळावर जास्त होते, आणि फुलांचं पहिलं शिक्षण तिथंच झालं. तेरडा तोडला की घटकाभरात मान टाकतो. कारळ्याचं पिवळं फूल दिसायला सोन्यासारखं, पण दुपार झाली की पाकळ्या गाळतं. कुर्डूचा तुरा मात्र वाळला तरी उभा तो उभाच. लग्न होऊन घोडेगावात आले तेव्हा आमचे मालक भीमाशंकरला देवळापाशीच्या दुकानांना हार पुरवायचे. पहिल्या गाडीनं टोपल्या पाठवायच्या. मी ओवायला लागले ती तीस-बत्तीस वर्षं ओवत राहिले.

टेबलावरची फुलं हा धंदा आमच्याकडं फार उशिरा आला. आमच्या घरांत जेवायला टेबलच नव्हतं, तर फुलं कुठली? पुढं शिनोलीच्या वरच्या अंगाला पुण्याच्या लोकांसाठी राहायच्या-जेवायच्या जागा झाल्या. त्यातल्या एका ठिकाणाहून दसऱ्याची पहिली मागणी आली. पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलावर मधोमध काहीतरी करा, गावाकडचं वाटलं पाहिजे, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मला आनंद झाला. मी रात्रंदिवस हारच केलेले, त्यामुळं मी बांबूच्या कामट्यांचा देवळाच्या शिखरासारखा मनोरा केला, झेंडूनं मढवला, वर बाजरीची कणसं खोवली. टेबलावर ठेवला तर तो छताकडं निघालेला. मी दाराशी उभी राहून कौतुकाची वाट बघत होते. पाहुणे बसले, इकडून तिकडून माना वाकड्या करून एकमेकांशी बोलायला लागले. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले, मनोरा दोन्ही हातांनी उचलला आणि अगदी आदरानं कोपऱ्यात चपलांच्या शेजारी नेऊन ठेवला. मग सगळे हसतखेळत जेवले.

त्या दिवशी मी शिकले की टेबलावरचं फूल हे बघायचं फूल नव्हे. ते जेवणाऱ्या माणसांच्या मध्ये असतं. कोपर टेबलावर टेकवून मूठ हनुवटीला लावली, तर मुठीच्या वर काही जाता कामा नये. समोरच्याचे डोळे दिसले पाहिजेत. पुढं मी कुठंही गेले की आधी खुर्चीवर बसून मूठ हनुवटीला लावून बघायची. लोक हसायचे.

बाकीचं काम हातानं शिकता येतं. पितळी पराती असल्या तर उत्तम, नाहीतर मातीचं पसरट भांडं. त्यात पाण्यात भिजवलेला हिरवा फोम बसवायचा. झेंडूचा देठ पोकळ असतो, फुलाच्या खालीच मान मोडते, म्हणून आतून बारीक तार घालायची. दसऱ्याला नवं पीक हवंच, तर हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताच्या लोंब्या, नाचणीची बोंडं, बाजरीचं एखादं कणीस. लोंबी सकाळी दव असताना कापायची. उन्हात कापली तर दाणे गळतात. आणि कणीस आणलं की आधी झटकायचं. मंचरच्या एका डॉक्टरांच्या घरी मी हे विसरले होते. पांढऱ्याशुभ्र कापडावर कणसातल्या मुंग्या रांगेनं निघाल्या त्या थेट श्रीखंडाकडं. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी प्लास्टिकची फुलं घेतली. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दसऱ्यालाच धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, म्हणून बौद्ध वस्तीतल्या घरांतूनही मागणी असते. त्यांना टेबलावर पांढरं कापड आणि पांढरी शेवंती लागते, कणसं-बिणसं काही नको. ते काम मला आवडायचं. एकाच रंगाचं काम करताना चूक लपवता येत नाही.

आता ज्या कामासाठी हे सगळं सांगितलं त्याकडं येते. नावं मी बदलली आहेत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. तोरणं, हार, यंत्रांसाठी, गाड्यांसाठी. त्या गर्दीत एक बाई आली आणि बाजूला खांबाशी उभी राहिली. चाळिशीची असेल. गर्दी जरा ओसरली तेव्हा पुढं आली.

“टेबलावर ठिवायचं फुलांचं करता ना तुमी?”

“करते की. कुठं द्यायचं?”

तिनं वाडी सांगितली, शिनोलीच्या अलीकडची. मग म्हणाली, “उंच पायजे.”

“किती?”

ती माझ्या स्टुलावर बसली आणि हात आडवा कपाळाच्या वर धरला. “एवढं. बसल्यावर समोरचा माणूस दिसाया नको.”

मी हसले. आणि मला माहीत असलेलं सगळं तिला ऐकवलं. मूठ हनुवटीला लावून दाखवली. मनोऱ्याची आणि चपलांची गोष्ट सांगितली. ही गोष्ट ऐकून सगळे हसतात. ती हसली नाही. मी बोलून थांबले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “ते ठीक हाये. पण मला उंचच पायजे.”

मग तिनं सांगितलं. दुकानात लोक होते म्हणून हळू सांगितलं, आणि एकदाही थांबली नाही. तिचं नाव अलका. नवरा शांताराम, धाकटा दीर विलास. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत, ती मामा म्हणायची. दोन भावांचं एकत्र खटलं, एकच चूल होती. दोन वर्षांपूर्वी विलास वैरणीची ट्रॉली घेऊन येत होता. अलकाची मुलगी, बारा वर्षांची, हट्टानं ट्रॅक्टरवर चाकाच्या वरच्या पत्र्यावर बसली होती. रोजच बसायची. कालव्याच्या वळणावर ट्रॅक्टर हिसकला आणि पोर खाली पडली. चाकाखाली.

“त्याची चूक न्हाई, मला ठाव हाये,” अलका म्हणाली. “त्यानं मुद्दाम का केलं? लेकीवानी जीव लावायचा तिला. पण त्याचं तोंड बघितलं की मला तेच वळण दिसतंय. बघवत न्हाई. तो बी समजला, बायको घिऊन रानातल्या घरात राहाया गेला. दोन वर्सं झाली, आमी बोललो न्हाई.”

यंदा तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाली बसता येत नाही म्हणून घरात टेबल आलं. आणि तात्यांनी ठरवलं की दसऱ्याला दोन्ही लेक, दोन्ही सुना त्या टेबलाशी बसतील. दुसरं काही मागत नाही, म्हणाले, एक वेळ जेवा.

“मामांचं मन मोडवत न्हाई आणि मला त्याच्यासमोर घास गिळवत न्हाई. म्हणून म्हणते, मधी उंच ठिवा.”

मी ‘करते’ म्हटलं. ती गेली. मी हसले होते ते मला दिवसभर टोचत राहिलं.

पण यापेक्षा वाईट गोष्ट मी नंतर केली. माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटायला लागलं की तो दुसऱ्याच्या दुःखातही हात घालतो. काम करता करता मला वाटलं, हे बरं नव्हे. घरात भिंत घालायचं काम आपण का करावं? जरा कमी उंच केलं, डोळ्याला डोळा भिडला, तर कदाचित विरघळतील. चार बोटं कमी केलं तर तिला कळणारही नाही. मी तसं केलं. पितळी परातीत खाली झेंडू आणि पिवळी शेवंती, त्यावर कुर्डूचे तुरे, मधून भाताच्या लोंब्या, आणि सर्वांत वर बाजरीची कणसं. काम देखणं झालं होतं. फक्त ती कणसं मी चार बोटं खाली कापली होती.

दसऱ्याला सकाळी दहाच्या सुमारास रिक्षातून परात घेऊन गेले. घर नीटनेटकं होतं. दाराशी नांगर-कोयत्यांची पूजा झालेली, त्यावर झेंडू. ट्रॅक्टर दिसला नाही, विकला असावा. तात्या पडवीत काठी धरून बसले होते. म्हणाले, “या पावणं.” सुना आत पुरण वाटत होत्या. धाकटी सून, मंदा, मदतीला आधीच आली होती. दोघी काम करत होत्या, पण बोलणं फक्त ‘हे दे’ आणि ‘ते ठेव’ एवढंच.

मी परात टेबलाच्या मधोमध ठेवली. अलका हात पुसत आली. आपल्या जागेवर बसली आणि समोर बघितलं. मग मंदाला म्हणाली, “त्या खुर्चीवर बस जरा.” मंदा बसली. अलकानं माझ्याकडं वळून एवढंच म्हटलं, “दिसतंय की.”

रागावली नाही. त्या दोन शब्दांत एवढंच होतं की मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं. मला धरणी दुभंगावी असं झालं. इतक्या वर्षांत माझ्या कामाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले, पण तेवढी लाज कधी वाटली नाही. मी म्हटलं, “चुकले, बाई. लांब दांड्याची कणसं असतील का घरात?” ती मागच्या पडवीत गेली आणि बाजरीची ताटं घेऊन आली. मी लोंब्या मागं घेतल्या, कणसं उंच लावली, कडेनं त्याच ताटांची दोन हिरवी पानं वळवून आधार दिला. ती पुन्हा बसली. मंदा पुन्हा समोर बसली. या वेळी मंदाचा नुसता आवाज आला, “दिसतंय का, ताई?”

“न्हाई,” अलका म्हणाली. “आता बास.”

मी निघाले तर तात्यांनी अडवलं. “सणाच्या दिवशी उपाशी जायचं न्हाई.” माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या शेजारी, टेबलाच्या डोक्याशी टाकली. त्यामुळं झालं असं की दोन्ही बाजू दिसत होत्या फक्त तात्यांना आणि मला.

बायकांनी वाढायचं आणि मागून बसायचं, हे तात्यांनी त्या दिवशी मोडलं. “आज कुणी वाढायचं न्हाई. भांडी मधी ठिवा, ज्याचं त्यानं घ्यायचं.” शांताराम आला, अलकाशेजारी बसला. शेवटी विलास आला. धिप्पाड माणूस, पण दारातून आत येताना खांदे आवळलेले. त्यानं टेबलाकडं बघितलं. ती उंच फुलं आणि पलीकडच्या दोन खुर्च्या बघितल्या, आणि त्याला कळलं. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता मागं फिरणार. तात्यांची काठी जमिनीवर घट्ट रोवलेली होती. विलास मंदाशेजारी येऊन बसला.

पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडया. भांड्यांचा आवाज तेवढा. विलासनं पोळीचा एक तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. मान खाली गेली. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडण्याचा आवाज त्यानं होऊ दिला नाही. मंदानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडं अलकाला आणि शांतारामला यातलं काही दिसत नव्हतं. पण विलासनं कोपर टेबलावर टेकवलं होतं, आणि टेबल नवं असलं तरी हलकं होतं. वरची कणसं थरथरायला लागली.

अलकाचा घास थांबला. ती कणसांकडं बघत राहिली. तात्याही खायचे थांबले होते, ताटाकडं बघत होते. मला वाटलं, ती उठून जाईल. शांतारामनं तिच्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

तिनं आमटीचं पातेलं उचललं. फुलांच्या कडेनं हात लांबवून ते पलीकडच्या बाजूला सरकवलं.

“भाऊजी, आमटी घ्या. कोरडं खाऊ नका.”

पलीकडून पातेलं ओढून घेतल्याचा आवाज आला. “घेतो, वयनी.”

तेवढंच. पण सगळे जेवले. विलासनं दोन पोळ्या खाल्ल्या, मी मोजल्या नाहीत, तात्यांनी मोजल्या. मला फाटकाशी सोडायला आले तेव्हा सांगितलं. आपट्याची पानं हातात देऊन म्हणाले, “बाई, फुलं एवढी उंच करायला कुणी सांगितली?”

मी म्हटलं, “सूनबाईंनी.”

त्यांनी काठीवर भार टाकला. “लई बरं केलं. मला भ्या व्हतं, ती टेबलाला बसायचीच न्हाई.”

रिक्षात बसल्यावर मी विचार करत होते. मी त्या उंचीला भिंत समजले होते. तिच्या हिशेबानं ती भिंत नव्हती, तिला आत बसता यावं म्हणून घेतलेला आडोसा होता. आणि त्या माणसालाही त्याच आडोशानं रडता आलं. माझी चार बोटं कमी राहिली असती तर दोघांतलं कोणीतरी उठून गेलं असतं, आणि मला वाटलं असतं मी भलं केलं. तेव्हापासून गिऱ्हाइकानं काही विचित्र मागितलं तर मी हसत नाही. कशासाठी हवं तेही विचारत नाही. सांगायचं असलं तर तो सांगतो.

होळीच्या सुमाराला तात्या गेले. मी भेटायला गेले नाही, दुकानातली बाई म्हणून काय जायचं असं वाटलं. ती माझी चूकच झाली. जायला हवं होतं. पुढचा दसरा त्यांच्याकडं झाला नाही, वर्षाच्या आत सण करत नाहीत. ज्यांच्यासाठी दोन घरं एका टेबलाशी बसली होती तो माणूस राहिला नव्हता. मी मनात धरून चालले होते की आता ते संपलं.

त्याच्या पुढच्या दसऱ्याला, आदल्या दिवशी, तीच बाई गर्दीतून आली. या वेळी खांबाशी थांबली नाही. मी तिला ओळखलं आणि म्हटलं, “या. टेबलावरचं करायचं ना? उंची सांगा.”

“टेबल नगं,” ती म्हणाली. “ते मामांसाठी आणलं व्हतं. यंदा दोन्ही घरांची खालीच पंगत बसवतोय. मी वाढणार हाये.”

“मग?”

“दोन तोरणं द्या. आंब्याच्या पानांची, झेंडू दाट घाला.”

तोरणाला दाराचं माप लागतं. नुसत्या अंदाजानं केलं तर एक तर दोन्ही बाजूंना लोंबतं, नाहीतर चौकटीला पुरत नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून सुतळी काढली आणि मला दिली. सुतळीला दोन गाठी मारलेल्या होत्या.

“ही पयली गाठ आमच्या दाराची,” ती म्हणाली. “आन् ही दुसरी भाऊजींच्या दाराची. त्यांचं दार रुंद हाये, वीतभर जास्तच भरलं. काल मीच जाऊन मापलं.”